आणखी थोडं पुढं घ्या

भिगवणजवळच्या कुंभारगावच्या काठावरून पहाटे होडी सुटली की पहिली दहा-पंधरा मिनिटं कुणी बोलत नाही. थंडीनं अंग आखडलेलं असतं, पिशव्यांच्या चेन उघडल्याचा आवाज तेवढा येतो. मग धुक्यात एक गुलाबीसर रेघ दिसायला लागते आणि होडीतला कुणीतरी ते वाक्य म्हणतोच: “मामा, आणखी थोडं पुढं घ्या की.” मामांनी इंजिन मघाशीच बंद केलेलं असतं. ते बांबू चिखलात रोवून एक रेटा देतात, थांबतात, रेघेकडं बघतात. पाच मिनिटांनी पुन्हा तेच वाक्य. मी स्वतः ते इतक्या वेळा म्हटलंय की आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तरी ओशाळायला होतं.

होडीतून पाणपक्ष्यांचे फोटो काढण्याबद्दल आपल्याकडं बरंच बोललं जातं, पण त्यातलं बहुतेक लेन्स आणि सेटिंगपाशी अडकतं. त्याबद्दल इथंही लिहिणार आहे. मात्र इतक्या वर्षांत माझं मत असं झालंय की या छंदाचे सगळे प्रश्न, उजेडाचे, यंत्राचे, कायद्याचे, नावाड्याच्या पोटापाण्याचेही, शेवटी त्या एका वाक्यात येऊन मिळतात. किती पुढं जायचं, आणि ते कुणी ठरवायचं?

पाण्यावरून पाखरांपाशी सरकत जाण्याची विद्या मुळात बंदूकवाल्यांची. बुटक्या, सपाट होडीत पालथं पडून बदकांच्या थव्याकडं सरकायचं, हे युरोपातल्या शिकाऱ्यांचं जुनं तंत्र. आपल्याकडं भरतपूरच्या पाण्यावर १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो आणि मंडळींनी ४,२७३ पक्षी मारले. कॅमेरा आला तो याच वाटेनं. अमेरिकेतला जॉर्ज शिरास हा मुळात वकील, काही काळ तिथल्या संसदेत, आणि हाडाचा शिकारी. होडीच्या नाळेवर आगटी पेटवून रात्री जनावराला दिपवायचं, ही तिथल्या मूळ रहिवाशांची शिकारीची रीत त्यानं उचलली आणि बंदुकीच्या जागी कॅमेरा आणि फ्लॅश ठेवला. जुलै १९०६ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये त्याचे चौऱ्याहत्तर फोटो छापून आले. ते हरणासारख्या जनावरांचे म्हणून गाजले, पण होडीतून काढलेल्या वन्यजीवांच्या फोटोंची गोष्ट तिथूनच सांगावी लागते. शिरास नाळेवर बसे आणि मागं दुसरा माणूस आवाज न करता वल्हवत असे. फोटो दोघांनी मिळून काढायचा आणि खाली नाव एकाचं, ही पद्धत तेव्हापासूनची.

त्याच काळात इंग्लंडमध्ये एमा टर्नर नावाच्या बाईंनी नेमकी उलटी वाट धरली. पक्ष्याकडं जायचं नाही, पाण्यावर राहायलाच जायचं. नॉरफोकच्या उथळ सरोवरांत त्यांनी घर-होडी ठेवली, तिला नावही एका पाणपक्ष्याचं दिलं, आणि वर्षानुवर्षं मोसमात तिथं मुक्काम केला. १९११ साली त्यांनी बिटर्न या बगळ्याच्या कुळातल्या अतिशय लाजाळू पक्ष्याच्या पिलाचा फोटो काढला. ब्रिटनमध्ये त्याची वीण संपली असं धरलं गेलं होतं. ती परत सुरू झाल्याचा पुरावा म्हणजे हा फोटो. शिरास आणि टर्नर या दोघांच्या मधे कुठंतरी आजचा प्रत्येक होडीवाला फोटोग्राफर बसलेला असतो. बहुतेक जण शिरासच्या बाजूला जास्त सरकलेले.

आपल्याकडची जुनी पिढी होडीत फारशी नव्हती. लोथर काय किंवा सलीम अलींचे स्नेही लोक वान थो काय, त्यांची मोठी कामं लपणातून झाली. घरट्यासमोर फडक्याची खोपटी बांधायची आणि तासन्‌तास आत बसायचं. लेन्स लहान होत्या, फिल्मचा वेग कमी होता, हलत्या होडीतून काही धड मिळण्याची शक्यताच नव्हती. होडी खऱ्या अर्थानं कामाची झाली ती डिजिटल कॅमेऱ्यानं आयएसओ १६००, ३२०० वर स्वच्छ चित्र द्यायला सुरुवात केल्यावर. म्हणजे महाराष्ट्रात हे सगळं प्रकरण जेमतेम पंधरा-वीस वर्षांचं. आणि त्याचं पंढरपूर म्हणजे उजनीचा फुगवटा.

उजनी धरण भीमेवर, १९८० च्या सुमारास पूर्ण झालेलं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी आणि त्यातला निम्म्याहून जास्त, सुमारे ६३ टीएमसी, मृत साठा. उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत ‘उजनी मायनसमध्ये’ असा मथळा येतो तो यामुळं. शेतकऱ्याच्या काळजाचं पाणी करणारा हा मथळा पक्ष्यांच्या बाजूनं वाचला तर त्याचा अर्थ वेगळा निघतो. पाणी उतरलं की मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो, गुडघाभर पाण्याच्या पट्ट्या तयार होतात आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, त्यातच चरतो. डोकं उलटं करून चोचीनं पाणी गाळायचं तर पाणी पायाच्या उंचीपेक्षा खोल असून चालत नाही. ज्या वर्षी धरण दिवाळीनंतरही काठोकाठ असतं, त्या वर्षी रोहित उशिरा येतात, कमी येतात, आणि पुण्या-मुंबईहून गाड्या भरून आलेली मंडळी कुरवांचे फोटो काढून परत जातात. तेव्हा सुट्टी कधी मिळते यापेक्षा आवर्तन कधी सुटतं यावर फेरी ठरवावी, हा माझा पहिला सल्ला. कालव्याला पाणी सोडलं की चार-सहा दिवसांत काठ बदलतो.

या पाण्याला आणखी एक अंग आहे, ते फोटोत येत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथं येतं. शेवाळ वाढतं, चिलटं वाढतात, जलपर्णी वाढते. संध्याकाळी काठावर उभं राहिलं तर चिलटांचे खांब हवेत दिसतात. पाखरांना इथं इतकं खायला का मिळतं, याच्या उत्तरात हा मैला आहेच. नाकाला रुमाल लावून ‘स्वर्ग’ म्हणणारे लोक मी पाहिलेत. त्यात मीही एक.

उजनीच्या नावाड्याचं खरं कसब पाण्याखालचं. बांबू खाली जातो आणि त्याच्या हाताला कळतं की इथं गाळ आहे, इथं बांध, इथं दगड. एकदा बांबू ‘टक्‌’ वाजला तेव्हा मामा म्हणाले, “ह्यो जुन्या गावचा रस्ता. ह्याच्याच पल्याड आमची इहीर.” धरणात गाव गेलं, शेत गेलं, मग मासेमारी आली, चिलापी आली, आणि आता हिवाळ्यात ‘सर’ लोक येतात. होडी नेमकी कुठं रुतेल, रोहितांच्या पायाखालचा उथळ पट्टा कुठं सुरू होतो, हे त्यांना बुडालेल्या शेतांच्या हिशेबानं माहीत असतं. पाचशे-सहाशे मिलिमीटरची लेन्स कोणालाही विकत घेता येते. हे ज्ञान भाड्यानंच घ्यावं लागतं, आणि बहुतेक गिऱ्हाइकं ते घेतल्यावर वापरतच नाहीत. गप्प बसून नावाड्याला त्याचं काम करू द्यावं, एवढंही आपल्याला जमत नाही.

त्याच मामांनी मला रोहितांच्या माना वाचायला शिकवल्या. चरणाऱ्या थव्यात सगळ्या माना खाली. होडी एका हद्दीच्या आत आली की एक मान वर येते, मग चार, मग पंधरा. मग थवा सावकाश एकाच दिशेनं चालायला लागतो. घाई नसते, आपलं सहज निघाल्यासारखं वाटतं. तिथं थांबलं तर ते शंभर पावलांवर जाऊन परत माना खाली घालतात. तिथं एक रेटा जास्त दिला तर पळत सुटतात, कारण रोहिताला पाण्यावर पळत पळतच उठावं लागतं. “माना बगा सर. आता फुडं न्हाई.” हे ऐकल्यापासून मी स्वतःचे जुने फोटो काढून पाहिले. स्पर्धेला पाठवलेल्या, भिंतीवर लावलेल्या बऱ्याच फोटोंत सगळ्या माना ताठ वर होत्या. आम्ही त्याला ‘डौल’ म्हणत होतो.

यात भाषेचाही थोडा दोष आहे, असं मला गमतीनं वाटतं. या पक्ष्याला आपण अग्निपंख म्हणतो. उभ्या पक्ष्यात हा अग्नी दिसत नाही. पंख मिटलेले असताना तो पांढुरका-गुलाबी, लांब टांगांचा साधा प्राणी. लाल आणि काळा पिसारा पंख उघडल्यावरच दिसतो. त्यामुळं नाव सार्थ करणारा फोटो हवा तर पक्षी उडायला हवा, आणि उडत नसेल तर उडवायला हवा, इथपर्यंत गाडी जाते. टाळ्या वाजवणं, इंजिन एकदम सुरू करणं, होडी थेट थव्यात घालणं, सगळं पाहिलंय. वास्तविक पंख तो आपणहून उघडतो. पिसं साफ करून झाल्यावर आळस दिल्यासारखा एक पंख ताणतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये, वीण जवळ आली की थवेच्या थवे कवायत केल्यासारखे माना वळवतात, पंख क्षणभर फडकावून मिटतात. संध्याकाळी जागा बदलतात तेव्हा तर सगळा थवाच डोक्यावरून जातो. यासाठी दोन तासांची होडी पुरत नाही, अर्ध्या दिवसाची लागते. खर्च वाढतो हे खरं. पण एवढ्या महागाच्या लेन्समागून बोलणाऱ्यानं होडीच्या भाड्यावर घासाघीस करावी, हे मला कधीच समजलेलं नाही.

आता हिशेब. सहाशे मिलिमीटरची लेन्स आणि फुल फ्रेम कॅमेरा धरला, तर वीस मीटरवर चौकटीत मावतं ते सव्वा मीटर रुंद आणि ऐंशी सेंटिमीटर उंच. मोठा रोहित उभा राहिला की सव्वा ते दीड मीटर. म्हणजे वीस मीटरवर तो आडव्या चौकटीत उभा मावतच नाही! साठ मीटरवर तीच चौकट सुमारे साडेतीन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच होते. पक्षी निम्म्याहून जास्त उंची व्यापतो आणि भोवती त्याच्या प्रतिबिंबाला, पाण्याला, शेजारच्या पक्ष्याला जागा उरते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर चारशेची लेन्स लावली तरी हिशेब जवळपास हाच. शिवाय वीस मीटरवर एफ ६.३ ला फोकसची खोली दोन वितींएवढीच असते. होडी एकदा डुलली की डोळा फोकसबाहेर गेलाच. म्हणजे रोहिताच्या बाबतीत ‘आणखी पुढं’ हे तंत्राच्या दृष्टीनंही फायद्याचं नाही. कवड्या खंड्या किंवा चिखलात धावणाऱ्या तुतवारीसारख्या वीतभर पक्ष्यांचं गणित अर्थातच वेगळं. तिथं जवळ जावंच लागतं. पण हे लहान पक्षी माशांच्या होड्यांना सरावलेले असतात. होडी सरळ त्यांच्या रोखानं न नेता तिरकी, थांबत थांबत नेली तर पुष्कळदा पंधरा मीटरवरही बसून राहतात.

होडीत तिपाई निरुपयोगी, हे पहिल्याच फेरीत कळतं. इंजिनाची थरथर तिच्या पायांतून सरळ कॅमेऱ्यात चढते. त्यापेक्षा तांदूळ किंवा मका भरलेली कापडी पिशवी होडीच्या काठावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी, आणि इंजिन बंद होईपर्यंत शटरला हात लावू नये. इंजिन थांबल्यावरही होडीनं स्वतःच उठवलेली लाट विरायला मिनिटभर लागतं. लेन्समधली स्थिरता-यंत्रणा हाताचा कंप जिरवते. होडीच्या संथ डुलण्यानं चौकट वाकडी होते, त्यावर तिच्याकडं उपाय नाही. तिथं आपला श्वास आणि कंबर कामाला येते. उडत्या पक्ष्याला शटर दोन हजारांशाच्या वर, चरणाऱ्याला आठशांश पुरतो. काळसर पाण्यावर पांढरा बगळा असला तर कॅमेरा हमखास फसतो आणि बगळ्याचं पीस न्‌ पीस जळून जातं, म्हणून उजेड एक स्टॉप कमी करावा. धुक्याच्या उजळ पडद्यावर नेमकं उलट. एवढं आलं की सेटिंगचा अभ्यास संपला, असं माझं मत आहे. तरुण मित्रांना ते पटत नाही.

वाऱ्याचं मात्र जास्त बोललं जायला हवं. पाणपक्षी वाऱ्याच्या तोंडावर उठतात आणि उतरतातही. म्हणून सूर्य पाठीशी असणं पुरत नाही, वाराही पाठीशी हवा. तर पक्षी तुमच्याकडं तोंड करून उठेल. वारा समोरून असला तर दिवसभर शेपट्यांचे फोटो मिळतात. आपल्या पठारावर थंडीतला सकाळचा वारा बहुधा पूर्वेकडचा, म्हणजे सूर्याच्याच बाजूचा, हे नशीब. त्यामुळं पहाटे थव्याच्या पूर्वेला जाऊन थांबायचं. नावाडी हे न सांगता करतो. आपण त्याला ‘तिकडून नको, इकडून जवळ पडेल’ म्हणून बिघडवतो. दहाच्या पुढं पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि दूरचे फोटो कितीही चांगल्या लेन्सनं काढा, पाण्यात भिजलेल्या कागदासारखे येतात. तेव्हा काठावर परतून चिलापी आणि भाकरी खावी.

खाडीचं शास्त्र निराळं. ठाणे खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. ऐरोली आणि भांडुपच्या बाजूनं होड्या सुटतात. इथं मुख्यतः लहान रोहित, लाखाच्या घरात. इथं तुमचं घड्याळ चालत नाही, भरती-ओहोटीचं चालतं. पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलावर दूर आणि होडी पाण्याच्या चिंचोळ्या पट्ट्यात अडकलेली. पूर्ण भरतीला चिखलच शिल्लक नसतो आणि पक्षी नेरुळकडच्या तळ्यांवर निघून जातात. काम होतं ते मधल्या दीड-दोन तासांत, पाणी चढत असताना. चिखल आकसत जातो, पक्षी उरलेल्या पट्टीवर दाटत जातात आणि हळूहळू होडीच्या बाजूला ढकलले जातात. म्हणजे इथं पुढं जायची गरजच नाही, पाणीच अंतर कमी करतं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. सकाळचं ऊन आणि चढतं पाणी एकत्र हवं असेल तर एकादशी-द्वादशी गाठावी. उपास असला तरी खाडीवर काही अडत नाही.

गोव्यात चोडण बेटावर, रायबंदरहून फेरीनं पलीकडं गेलं की सलीम अलींच्या नावाचं छोटं अभयारण्य आहे, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं. खारफुटीतून वाट काढत छोटी होडी जाते. इथं अंतराचा प्रश्न निसर्गानंच सोडवलेला: ओहळ इतका अरुंद की पक्षी दिसला तो जवळच दिसणार. सहाशेची लेन्स इथं ओझं होते. गंमत उंचीची आहे. ओहोटीला होडी खाली जाते, मुळं उघडी पडतात आणि फांदीवरच्या खंड्याचं फक्त पोट दिसतं. भरतीला तीच होडी पुरुषभर वर चढते आणि तोच खंड्या तुमच्या डोळ्याला डोळा भिडवतो. जुवारीवर, कुठ्ठाळीकडून कुंभारजुव्याच्या कालव्यात जाणाऱ्या होड्यांतही हाच अनुभव. तिथं मगरी आहेत, त्यामुळं पाण्याजवळून कोन घ्यायचा म्हणून हात-पाय बाहेर काढणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. युरोपात पाण्यात उतरून तरत्या लपणाआडून फोटो काढायची पद्धत बरीच आहे. आपल्याकडचा गाळ आणि मगरी पाहता तिची शिफारस मी करणार नाही.

बिनइंजिनाची होडी पाहायची तर ओडिशात चिलीकाच्या काठी मंगलाजोडीला जावं. एकेकाळी बदकं मारून विकणारे हात आता बांबूनं होड्या ढकलतात. ज्याला पक्षी कुठल्या क्षणी उठणार हे बंदुकीच्या दिवसांपासून माहीत आहे, तो त्या क्षणाच्या एक पाऊल अलीकडं होडी थांबवतो. मालगुजा, शेकाटे, तलवार बदकं निवांत चरत असतात. नाशिकजवळच्या नांदूर मधमेश्वरला, राज्यातल्या पहिल्या रामसर स्थळाला, काम मनोऱ्यावरूनच करावं. सगळ्या पाण्यांवर होडी हवीच असं नाही, हे त्यातून कळतं.

आता कटू भाग. होडीत बसल्या बसल्या फरसाण किंवा बारीक मासे पाण्यात फेकायचे, कुरवांचा थवा अंगावर घ्यायचा आणि भसाभस फोटो काढायचे, हे उजनीपासून दिल्लीच्या यमुना घाटापर्यंत राजरोस चालतं. फोटो ओळखूही येतात: सगळ्या चोची एकाच बिंदूकडं, आणि तो बिंदू चौकटीच्या खालच्या काठाशी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या मुद्दाम वाचावी. तिच्यात आमिष दाखवणं येतं. पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना उपद्रव देणंही येतं. अभयारण्यात फोटोसाठी शिरायलाही परवानगी लागते. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मार्च ते मेमध्ये, पाणी उतरून उघड्या पडलेल्या बेटांवर. नदी सुरय तिथं उघड्या वाळूवर अंडी घालतो. तो आता जगभरातच संकटग्रस्त गणला जातो. ‘फक्त दोन मिनिटं उतरतो’ म्हणून माणूस बेटावर गेला की आई-बाप डोक्यावर घिरट्या घालत राहतात आणि त्या उन्हात अंडी उघडी. उडत्या, ओरडत्या सुरयाचे फार छान फोटो मिळतात, हीच तर अडचण आहे.

नावाड्याला दोष देणं सोपं आहे, आणि आम्ही फोटोवाले ते नेमानं करतो. पण त्याच्या जागी बसून पाहा. दोन होड्या थव्याकडं निघाल्या. एक थांबली, दुसरी पुढं गेली. दुसरीतल्या लोकांना ‘जबरदस्त’ फोटो मिळाले, बक्षिसी मिळाली, पुढच्या रविवारी त्यांचे मित्र त्याच नावाड्याचा नंबर घेऊन आले. पहिल्यानं काय करायचं? मासेमारीला दिवस बरे राहिलेले नाहीत, मोसम चार महिन्यांचा. म्हणून थांबणाऱ्या नावाड्याला जास्त पैसे मिळाले पाहिजेत, ही गोष्ट गिऱ्हाइकानंच घडवून आणायची आहे. सुटतानाच सांगावं की थवा उठला तर बक्षिसी नाही, न उठवता परतलो तर दुप्पट. मी गेली काही वर्षं हे करतो. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एक नावाडी हसला आणि म्हणाला, “सर, ह्ये आधी सांगायचं व्हतं की, आमी तरी कशाला दमवू त्यास्नी?”

जिवाचंही याच हिशेबात बसतं. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी या उजनीच्याच पाण्यावर वादळी वाऱ्यात प्रवाशांची होडी उलटून सहा माणसं गेली. ते फोटोवाले नव्हते, रोजचे येणारे-जाणारे होते. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेला ढग काळे दिसले की नावाडी परत फिरतो, आणि होडीत तेव्हाही कुणीतरी ‘उजेड काय सुंदर आलाय, थोडं थांबू’ म्हणतोच. तरंगजाकीट अंगात असावं, बुडाखाली नाही. आठ जणांच्या होडीत तिघं बसले तर फोटोही बरे येतात आणि होडीही.

या सगळ्या खटाटोपातून पक्ष्यांना काही मिळतं का, असं लोक विचारतात. थोडं मिळतं. पायातली कडी, गळ्यातले पट्टे यांवरचे आकडे आज अभ्यासकांना फोटोंतून वाचता येतात. मंगोलियात पट्टा चढवलेले पट्टकदंब दक्षिण भारताच्या तळ्यांवर असेच ओळखले गेले. अशा एका आकड्याला माझ्या लेखी बक्षीस मिळवलेल्या शंभर उड्डाणांची किंमत आहे. बाकी, आपली पक्ष्यांची नावं पाहिली की मला नेहमी नवल वाटतं. हळदी-कुंकू हे बदकाचं नाव घ्या. काळ्या चोचीच्या टोकाला पिवळं आणि कपाळाशी लाल ठिपके, म्हणून हळदी-कुंकू. वारकरी, थापट्या, शेकाट्या. चितमपल्लींच्या पक्षिकोशात अशा नावांचा खजिना आहे. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांच्याकडं ना दुर्बीण ना लेन्स. बदकाच्या कपाळावरचं कुंकू दिसेल इतक्या जवळ ते रोज आपल्या कामानं होडीत बसून असणार, आणि बदकं त्यांना ओळखत असणार.

मागच्या मार्चमधली एक संध्याकाळ. होडीत मी आणि मामा, दोघंच. साडेचारपासून एका जागी बांबू रोवून बसलो होतो. थवा शंभर मीटरवर चरत होता आणि मी नेहमीचं वाक्य गिळून गप्प होतो. पाऊण तासानं लक्षात आलं की ते चरत चरत आमच्याकडंच येतायत. सत्तर, साठ, चाळीस. माना खाली, चोची उलट्या, पाणी गाळल्याचा बारीक बुडबुड आवाज स्पष्ट ऐकू यायला लागला. मी शटर दाबत होतो. मग सगळ्यात पुढच्या पक्ष्याचे पाय चौकटीत मावेनात, मग मान मावेना. मी कॅमेरा खाली घेतला. मामांनी माझ्याकडं पाहिलं, तोंडावर बोट ठेवलं, आणि बांबू उपसून, पाण्याचा आवाज न करता, होडी हळूहळू मागं घेतली.